ठमाबाईंची खिडकी: घरात बाळ, म्हातारं मांजर आणि जिना असेल तर कुठलं बेबी गेट घ्यावं

आमच्याकडे सध्या दोन बेबी गेटं लागलेली आहेत आणि तिसरं विकून झालंय. घर परदेशातलं, भाड्याचं, दुमजली. आतून लाकडी जिना आणि टकटक केलं की पोकळ वाजणाऱ्या भिंती. माणसं चार: आम्ही दोघं, पाच वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी. पाचवी ठमी, आमची मांजर. वय बारा, वजन भरपूर, स्वभाव निवृत्त हेडमास्तरीणबाईंचा, म्हणून तिला ठमाबाई म्हणायचं. आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर असतात, शेजारी भले आहेत पण त्यांच्याकडे उठून पोर सोपवता येत नाही. एक जण मीटिंगमध्ये आणि दुसरा बाथरूममध्ये असला की कन्येवर लक्ष ठेवायला घरात उरतात त्या ठमाबाईच, आणि त्यांना त्यात काडीचाही रस नाही.

कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. देशागणिक ब्रँड बदलतात, आणि नीट पाहिलं तर एकाच प्रकारची गेटं बरीचशी सारखीच असतात. प्रकार मात्र नीट समजून घ्यायला हवेत.

सगळ्यात आधी मांजराच्या खिडकीचं गेट, कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त कामाला आलं ते हेच. साधं लोखंडी गजांचं गेट असतं, दाराच्या चौकटीत दाबून बसवायचं, आणि त्याच्या खालच्या भागात एक छोटी झडप. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, मांजराला खिडकी कशाला, ते उडी मारून जाईल की! तरुण मांजर जाईलच. पाऊण मीटरचं गेट त्याच्या खिजगणतीतही नसतं. पण म्हाताऱ्या मांजरांना संधिवात सर्रास होतो आणि ती लंगडत नाहीत, कण्हत नाहीत. उड्या मारणं तेवढं हळूहळू कमी करतात. ठमी आधी जमिनीवरून थेट खिडकीत जायची. मग खुर्चीवरून जायला लागली. मग खुर्चीसमोर उभी राहून विचार करायला लागली. वर चढण्यापेक्षा खाली उतरताना पुढच्या पायांवर जास्त भार येतो. अशा मांजराच्या वाटेत गेट लावलं तर तिचं खाणं, पाणी आणि शी-शू तिघांच्याही वाटेत आपण अडथळा उभा करतो.

हे गेट आम्ही वॉशिंग मशीनच्या खोलीच्या दाराला लावलं. तिथेच ठमीचा लिटर बॉक्स, म्हणजे शी-शूचा मातीचा डबा, आणि वाट्या. दीड वर्षाच्या मुलीच्या दृष्टीने लिटर बॉक्स म्हणजे घरातच आणून ठेवलेली वाळू. गोळे होणारी माती ओली झाली की फुगते, ती पोरांच्या तोंडात जाता कामा नये. मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचं ऐकून अनेक जण घाबरतात, विशेषतः घरात कोणी गरोदर असेल तर. तर त्या परजीवीची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याइतकी तयार व्हायला 1 ते 5 दिवस घेतात. म्हणजे डबा रोज साफ केला आणि पोराचा हात तिथवर पोचू दिला नाही तर निम्म्याहून जास्त काळजी मिटते. रोज साफ करण्याचं काम माझ्याकडे आहे, त्याबद्दल वेगळा परीक्षणलेख लिहिता येईल.

आता बसवण्याबद्दल. दाराची रुंदी मोजताना लोक कमरेच्या उंचीवर टेप धरतात. खाली भिंतीला स्कर्टिंगची पट्टी असते, ती दोन्ही बाजूंनी जागा खाते, आणि गेटचे खालचे दोन स्क्रू नेमके तिथेच येतात. वर एक माप, खाली एक माप, दोन्ही लिहून घ्या. साधारण गेट 75 ते 82 सेंटिमीटरच्या दाराला बसतं, त्याहून रुंद दाराला जोडपट्ट्या मिळतात. या जोडपट्ट्या घर बदलताना फेकू नका. भाड्याच्या घरांत आज या मापाचं दार, उद्या त्या मापाचं.

खोक्यातून गेट काढल्यावर हँडल आणि चौकट यांच्यामध्ये चांगली बोटभर फट दिसते, कडी अडकतच नाही. बायकोची एक मैत्रीण हे खराब आलंय म्हणून परत पाठवायला निघाली होती. ते खराब नसतं. चौकट मुद्दाम उघडी ठेवलेली असते. चारही कोपऱ्यांचे स्क्रू भिंतीला टेकवून चक्रं फिरवत गेलं की चौकट आत दाबली जाते, फट मिटत जाते आणि एका क्षणी कडी टक् करून बसते. तो टक् आवाज आला की थांबायचं. आणखी आवळलं तर गेट उघडताना दम लागतो. बसवल्यावरही काम संपत नाही, कारण दिवसभर गेट आपटलं जातं आणि चक्रं हळूहळू सैल पडतात. रविवारी सकाळी गजांना धरून एकदा जोरात हलवून बघायचं, हे आता माझ्या अंगवळणी पडलंय.

झडपेबद्दल दोन तक्रारी आहेत. पहिली म्हणजे तिची कडी प्लॅस्टिकची आहे आणि ती बाहेरच्या बाजूने, पाच वर्षांच्या पोराच्या बरोबर हाताशी येते. आमच्या चिरंजीवांनी तुरुंग-तुरुंग खेळताना ती लावली आणि विसरून शाळेत गेले. ठमाबाईंनी बराच वेळ वाट पाहिली असावी, मग हॉलमधल्या गालिच्यावर निर्णय घेतला. तेव्हापासून झडप वायरचे पट्टे लावून कायमची उघडी बांधून टाकली आहे. तसंही ठमीला डोक्याने झडप ढकलणं पसंत नव्हतंच. नवीन मांजराला शिकवायचं असेल तर सुरुवातीला ती उघडीच बांधा, पलीकडे तिच्या आवडीचं काहीतरी ठेवा, घाई करू नका.

दुसरी तक्रार कंपनीपेक्षा कन्येबद्दल आहे. खिडकी जेमतेम ठमीपुरती असल्यामुळे मुलीचं डोकं त्यातून जात नाही, पण ती पालथी पडून खांद्यापर्यंत हात आत घालते आणि वाटी ओढून घेते. वाटी आता हातभर अंतरावर मागे सरकवली आहे. छोट्या कुत्र्यांसाठी मोठ्या खिडकीची गेटंही मिळतात. त्या खिडकीतून रांगतं बाळ आरामात पलीकडे जाऊ शकतं, त्यामुळे वर्षाच्या आतलं मूल असेल तर त्या वाटेला जाऊ नका. आणि डोकं आत जाईल पण खांदे अडकतील अशी फट सगळ्यात वाईट, हे गेटच काय, घरातल्या कुठल्याही गजांना लागू आहे.

या प्रकारातल्या सगळ्याच गेटांचा मोठा दोष म्हणजे खालचा आडवा दांडा. गेट उघडलं तरी चौकटीचा दांडा जमिनीवर तसाच राहतो. माझी आई आली होती तेव्हा तिची करंगळी त्यावर रोज एकदा तरी आपटायची. चमकणारी पट्टी चिकटवल्यावर प्रमाण कमी झालं. हँडलही तिला जमायचं नाही. अंगठ्याने खटका मागे सारून त्याच वेळी गेट वर उचलायचं असतं आणि तिच्या अंगठ्याचा सांधा धरलेला. घरात संधिवाताच्या दोघी, एकीला कंपनीने खिडकी दिली आणि दुसरीला काहीच नाही, हे तिचंच निरीक्षण. वडीलधारी माणसं येऊन राहणार असतील तर दुकानात त्यांच्या हाताने उघडून बघता येत नाही, पण निदान एका हाताने उघडणारं आणि जाड खटका असलेलं गेट बघून घ्या.

आता जिन्याकडे वळू. जिन्याच्या वरच्या टोकाला दाबून बसवलेलं गेट लावायचं नाही. याला अपवाद नाही. एक तर तो खालचा दांडा, कडेवर मूल घेऊन त्याला अडखळलो तर पुढे अख्खा जिना. दुसरं, दाबावर बसलेलं गेट जोराने ढकललं की सुटू शकतं. अमेरिकेत जुलै 2021 पासून लागू झालेल्या नियमात अशा गेटांनी 30 पौंडांचा जोर सहन करायला हवा अशी अट आहे, आणि त्यासाठी बऱ्याच गेटांसोबत भिंतीला स्क्रूने बसवायच्या छोट्या वाट्या येतात. लोक त्या भोकं नकोत म्हणून ड्रॉवरमध्ये टाकून देतात. वाट्या लावल्या तरी वरच्या टोकाला स्क्रूचंच, म्हणजे भिंतीत भोक पाडून पक्कं बसवलेलं, गेट हवं.

भाड्याच्या घरात भोकं पाडायची म्हणजे घरमालकाला विचारणं आलं. आम्ही मेलवर विचारलं, गेटचा फोटो जोडला, जाताना भोकं भरून रंग देऊ असं लिहिलं. होकार लगेच आला. लेखी होकार जपून ठेवा, डिपॉझिटच्या वेळी उपयोगी पडतो. पोकळ भिंतीत स्क्रू नुसताच पिळला तर काही दिवसांत हातात येतो. तो आतल्या लाकडी खांबात जायला हवा. खांब साधारण 40 किंवा 60 सेंटिमीटर अंतरावर असतात. शोधायला महागडं यंत्र लागत नाही. फ्रिजवरचं चांगलं जोरकस लोहचुंबक घ्या आणि भिंतीवरून हळू आडवं-उभं फिरवा. भिंतीचा बोर्ड ज्या स्क्रूंनी खांबावर ठोकलेला असतो, तिथे ते चिकटतं. एकाखाली एक अशा दोन-तीन जागी चिकटलं की खांब सापडला. आमच्या जिन्याची दुसरी बाजू म्हणजे कठड्याचा गोल खांब. त्याला भोक न पाडता पट्ट्यांनी आवळायची जोडणी वेगळी मिळते, ती घ्या.

हे गेट फक्त आतल्या बाजूला, म्हणजे जिन्यापासून दूर उघडतं. खाली दांडा नाही. बसवायला माझी एक अख्खी दुपार गेली आणि नंतर त्याने एकदाही तक्रारीला जागा दिली नाही. याला मांजराची खिडकी नाही आणि नसलेलीच बरी, कारण त्यातून ठमी झोपेत थेट पहिल्या पायरीवर उतरली असती. त्याऐवजी वरच्या बाथरूममध्ये दुसरा लिटर बॉक्स ठेवला. जितकी मांजरं त्यापेक्षा एक डबा जास्त, असं पशुवैद्य सांगतातच.

तिसरं, विकलेलं, म्हणजे भिंतीला लावलेल्या नळकांड्यात गुंडाळून जाणारं जाळीचं. फोटोत फार देखणं दिसतं. उघडताना करकर आवाज होतो आणि आमचं तरी दोन हातांशिवाय लागत नव्हतं. कुत्रं असेल तर चालूनही जाईल. ठमाबाईंनी पहिल्याच आठवड्यात जाळीला नखं लावली आणि नंतर खालून पोट चेपून पलीकडे जायला शिकल्या. मांजर खालून जातंय हे पाहून कन्याही तिथे आडवी पडली, त्या संध्याकाळी मी विकण्याची जाहिरात टाकली.

किती दिवस पुरतं? युरोपातलं मानक, ईएन 1930, ही गेटं 24 महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी गृहीत धरतं. अमेरिकेतलंही 6 ते 24 महिने. गेटची उंची मुलाच्या उंचीच्या पाऊणपट तरी हवी, त्याखाली गेली की मूल चढणार असं धरून चाला. आमच्या मुलीने खेळण्यांचा डबा गेटपाशी ओढत आणायला सुरुवात केली आहे, म्हणजे जिन्यावरच्या गेटचे दिवस भरत आलेत. मोठं भावंड असेल तर त्याहून आधीच भरतात. आमचा मुलगा दोन्ही खटके एका हाताने उघडतो आणि गेट सताड ढकलून निघून जातो. आपोआप मिटणारी गेटं काटकोनाच्या पुढे उघडली की बहुधा तशीच उभी राहतात. वॉशिंग मशीनच्या खोलीचं गेट मात्र मुलगी मोठी झाली तरी काढणार नाही. सुट्टीत पाहुण्यांची पोरं येतात तेव्हा ठमी त्या खोलीत जाऊन मशीनवर नाही, खाली टोपलीत बसते, आणि तिथे तिला कोणी हात लावू शकत नाही.

स्क्रूच्या गेटला पाचपैकी पाच तारे. खिडकीच्या गेटला चार. कापलेला एक त्या कडीचा आणि दांड्याचा मिळून. म्हातारं मांजर नसेल तर तीन, साधं गेट घ्या. जाळीला एक.

जुनं घ्यायला हरकत नाही, आमचं खिडकीचं जुनंच आहे. घेण्याआधी विकणाऱ्याकडून माहितीपुस्तिकेचा फोटो मागवा, चारही स्क्रूंची रबरं आणि भिंतीच्या वाट्या आहेत का ते मोजा, आणि झडपेची कडी तुटलेली नाही ना ते विचारा. आमच्या वेळी तुटलेली असती तर गालिचा वाचला असता.