टीव्हीचं चित्र झकास, पण संवाद ऐकू येत नव्हते

चित्राबद्दल फार लिहीत नाही. ५५ इंची ४के पॅनल कसं दिसतं ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि आमचंही छान दिसतं. लिहायचंय ते आवाजाबद्दल. मागच्या आठवड्यात सर्व्हिसच्या माणसाने "साहेब, यात फॉल्ट नाही" म्हणून कंप्लेंट बंद केली, त्याचा राग अजून गेलेला नाही.

टीव्ही घेतला दिवाळीत. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून थांबलो होतो. सिनेमाच्या तिकिटावरचा करही तेव्हाच उतरला, पण फक्त १०० रुपयांपर्यंतच्या. पुण्यात मल्टिप्लेक्सला रविवारी संध्याकाळी त्या भावात कोण बसवतं! चौघांची तिकिटं, पॉपकॉर्न, पार्किंग धरलं की दोन हजार जातात. शिवाय मराठी सिनेमाचा शो नेमका ऑफिसच्या वेळेत. खरं कारण मात्र आई. तिचे गुडघे दुखतात, मध्येच उठावं लागतं, आणि ऐकूही कमी येतं. घरी तिच्यासाठी सिनेमा थांबवता येतो.

आणि तिलाच संवाद कळेनात. गाणं लागलं की भिंती हादरायच्या, माणसं बोलायला लागली की पुटपुट. रिमोट सतत हातात. रात्री शेजारी झोपलेले, त्यामुळे आवाज वाढवायचीही चोरी. आई "काय म्हणाला रे?" विचारायची आणि नंतर नंतर विचारेनाशी झाली. त्याचं मला फार वाईट वाटलं.

दोन महिन्यांपूर्वी लिहिलं असतं, तर एकच स्टार दिला असता. मग एका साउंडवाल्या मित्राने कारण सांगितलं. सिनेमाचा आवाज सहसा ५.१ मध्ये असतो, म्हणजे पाच स्पीकर आणि एक दणक्याचा अशा सहा वाटांनी (चॅनेलनी), आणि बोलणं बहुतेक मधल्या चॅनेलवर. टीव्हीला मधला स्पीकरच नाही. आहेत ते दोन बारीक, तेही खाली तोंड केलेले. सगळं त्या दोघांत कोंबलं की पार्श्वसंगीत बोलण्यावर चढतं. त्याने सिनेमाच्या अ‍ॅपमध्ये ऑडिओ ५.१ वरून स्टिरिओ, म्हणजे दोन स्पीकरांपुरता, केला आणि टीव्हीत नाइट मोड लावला, ज्यात मोठे आवाज दबतात. बराच फरक पडला. पुढे ३.१ साउंडबार घेतला, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर; त्यात मधला स्पीकर वेगळा असतो. आता आई उत्तरार्धातही जागी असते आणि सिनेमावर भांडते.

म्हणून आता चार स्टार. एक कापला तो कंपनीसाठी. फुकटातली सेटिंग त्यांच्या माणसाने पहिल्याच भेटीत दाखवायला हवी होती. त्याने साउंडबारचं पत्रक दिलं.

दुकानात डेमोचे धबधबे आणि पोपट बघू नका. दोन माणसं हळू बोलतायत असा प्रसंग लावायला सांगा, आवाज कमी ठेवा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या.