एसव्हीयू की अनबिलिव्हेबल: आधी कोणती बघाल?

‘लॉ अँड ऑर्डर: एसव्हीयू’ (म्हणजे स्पेशल व्हिक्टिम्स युनिट) ही अमेरिकन मालिका सप्टेंबर १९९९ मध्ये सुरू झाली. तिचा ५०० वा भाग २०२१ मध्येच होऊन गेला. ‘अनबिलिव्हेबल’ २०१९ ची, नेटफ्लिक्सवरची, आठ भागांत संपणारी. दोन्हींत लैंगिक अत्याचारांचा तपास आहे. हाताशी वेळ किती, एवढ्यावर निवड करू नका. तक्रार करणाऱ्या बाईवर पोलीस विश्वास ठेवतात तेव्हा काय घडतं ते बघायचंय, की ठेवत नाहीत तेव्हा काय घडतं ते, हे आधी ठरवा.

एसव्हीयूचा कणा म्हणजे न्यूयॉर्कची डिटेक्टिव्ह ऑलिव्हिया बेन्सन. तिचा जन्मच आईवर झालेल्या बलात्कारातून झालेला, त्यामुळे समोरचीचं ऐकून घेणं ही तिच्यासाठी नुसती ड्युटी नाही. ही भूमिका करणाऱ्या मारिस्का हारगिटेला अत्याचार सोसलेल्या प्रेक्षकांची इतकी पत्रं आली, की २००४ मध्ये तिने त्यांच्यासाठी ‘जॉयफुल हार्ट फाउंडेशन’ ही संस्था काढली. मालिकेची ही कमाई मला फार मोलाची वाटते. खटकतो तो पहिल्या बारा सीझनमधला बेन्सनचा जोडीदार डिटेक्टिव्ह स्टेबलर. संशयितावर हात उचलणं म्हणजे न्यायाची तळमळ, असं तिथे वाटायला लागतं. शिवाय पाऊण तासात गुन्हा, अटक, कोर्ट सगळं उरकतं. प्रत्यक्षात २००९ मध्ये डेट्रॉइट पोलिसांच्या एका गोदामात बलात्काराच्या पुराव्याची ११ हजारांहून जास्त किट्स न तपासता पडलेली सापडली होती.

‘अनबिलिव्हेबल’ खऱ्या प्रकरणावर बेतलेली आहे. त्यावरच्या लेखाला २०१६ चं पुलित्झर मिळालं. २००८ साल, वॉशिंग्टन राज्य, १८ वर्षांची मारी. पोलीस तिला तेच ते पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, तपशील जरा इकडेतिकडे झाला की संशय घेतात, आणि शेवटी खोट्या तक्रारीचा गुन्हा तिच्यावरच लावतात. पहिला भाग मला एका बैठकीत बघवला नाही. दुसऱ्या भागात कोलोरॅडोची डिटेक्टिव्ह डुव्हाल येते. ती तिथे तक्रार करणाऱ्या एका तरुणीला गर्दीतून बाजूला नेते, गाडीत बसवते, तिच्या कलाने घेते. प्रश्न जवळपास तेच, पण ही मुलगी बोलू शकते. तपास म्हणजे काय, हे मला त्या गाडीतल्या प्रसंगाने शिकवलं. पुढे दुसऱ्या ठाण्यात काम करणाऱ्या डुव्हालच्या नवऱ्याकडून अगदी तशीच केस कळते आणि धागा जुळतो.

माझं मत: आधी ‘अनबिलिव्हेबल’, सलग. नंतर एसव्हीयू, तिचे बहुतेक भाग सुटे बघता येतात, पहिल्यापासून सुरुवात करायलाच हवी असं नाही. मात्र असा अनुभव तुमच्या किंवा जवळच्या कुणाच्या वाट्याला आला असेल, तर क्रम उलटा करा, आणि ‘अनबिलिव्हेबल’चा पहिला भाग एकटीने बघू नका.