पैसे परत मिळायची गॅरंटी देणारं आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) पॅकेज घ्यायच्या आधी हे वाचा

मागच्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीच्या गावात मोफत वंध्यत्व निवारण शिबिराचं पत्रक वाटलं गेलं, तिनं फोटो काढून मला पाठवला आणि विचारलं ताई जाऊ का गं. ज्या सेंटरनं आम्हाला बुडवलं त्याचंच शिबिर. तिला फोनवर जे सांगितलं ते इथं सगळ्यांसाठी लिहिते. सेंटरचं नाव देत नाही कारण आमची तक्रार ग्राहक आयोगात दाखल आहे आणि वकिलांनी नाव लिहू नका म्हणून सांगितलंय. नाव कळून तसाही फार फायदा नाही, पद्धत कळली पाहिजे, कारण हीच पद्धत दुसऱ्या कुणी वापरली तरी ओळखता यावी.

आम्ही नगर जिल्ह्यातले, तालुक्याच्या गावचे. लग्नाला तीन वर्षं होत आली होती, माझं वय २९. आम्ही गेलो ते शिबिर एका मंगल कार्यालयात होतं, सोनोग्राफी फुकट, एएमएच नावाची बायकांची रक्त तपासणी फुकट, पुरुषाची तपासणी फुकट. आमच्या ह्यांना एक डबी दिली आणि कार्यालयाच्या बाथरूममध्ये पाठवलं, किती दिवसांचं अंतर ठेवलंय वगैरे कुणी विचारलंच नाही. खरं तर वीर्य तपासणीआधी दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवायचं असतं आणि नमुना दिला की साधारण तासाभरात तपासायला घ्यायचा असतो, हे मला खूप नंतर कळलं. त्यांचा रिपोर्ट म्हणजे एका छापील कागदावर पेनानं लिहिलेला एकच शब्द, नॉर्मल. आकडा एक नाही. आणि माझा एएमएच आला १.३, त्यावर मात्र लाल पेनानं गोल काढला आणि डॉक्टर सासूबाईंच्या समोर म्हणाले की वय २९ आहे पण अंडाशय चाळिशीचं झालंय, सहा महिन्यांत अंडी संपतील, आता इकडं तिकडं वेळ घालवू नका.

त्या वाक्यानं आमच्या घरात काय झालं ते मी लिहीत नाही, ज्या बायका यातून गेल्यात त्यांना न लिहिता कळेल.

पण एएमएचबद्दल लिहितेच. या टेस्टवरून अंडाशयात साधारण किती अंडी शिल्लक असतील आणि आयव्हीएफच्या इंजेक्शनांना शरीर किती साथ देईल याचा अंदाज येतो. अंडी चांगली आहेत का, आपोआप दिवस राहतील का, हे त्यावरून सांगता येत नाही. २०१७ साली अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या बायकांवर अभ्यास झाला होता, आधी वंध्यत्वाचा काही इतिहास नसलेल्या, त्यात एएमएच कमी असलेल्या बायकांना बाकीच्यांइतकेच दिवस राहिले. सहा महिन्यांत अंडी संपतील असं एका एएमएचवरून कुणीच सांगू शकत नाही. कुणी सांगितलं तर त्या खुर्चीतून उठा.

मग आम्हाला शहरातल्या मेन सेंटरला बोलावलं. तिथं डॉक्टर पाच मिनिटं भेटले आणि बाकी सगळा वेळ काऊन्सेलर मॅडम. गोड बोलणं, चहा, भिंतीवर बाळांचे फोटो. आयुआय (वीर्य नळीनं गर्भाशयात सोडायचा साधा उपचार) का नाही विचारलं तर वेळ नाही, ट्यूब म्हणजे गर्भनलिका तपासायची एचएसजी करायची का विचारलं तर आयव्हीएफमध्ये ट्यूबचा संबंधच नाही म्हणाल्या (ट्यूबमध्ये पाणी भरलेलं असेल तर आयव्हीएफ पण फेल जाऊ शकतं, त्यामुळं संबंध असतो). आणि मग पॅकेज काढलं. एका सायकलला, म्हणजे एका पूर्ण प्रयत्नाला, दीड लाख, ते फेल गेलं तर पैसे गेले. नाहीतर तीन सायकलचं तीन लाख वीस हजारांचं, आणि तिन्ही फेल गेली तर सत्तर टक्के रक्कम परत. आजच बुक केलं तर वीस हजार कमी. आमच्याकडं एवढे पैसे रोख नाहीत म्हटल्यावर तिथल्या तिथं फायनान्स कंपनीचा माणूस आला, आधार पॅन घेतलं, मोबाईलवर ओटीपी आला आणि अर्ध्या तासात कर्ज मंजूर. पैसे पूर्णच्या पूर्ण त्याच दिवशी सेंटरला गेले. सेंटरनं उपचार केले काय अर्धवट सोडले काय, फायनान्स कंपनीचा आणि त्याचा काही संबंध नाही, हप्ता दर पाच तारखेला जातोच. आजही जातो.

पॅकेजमध्ये सगळं आलं असं म्हणाल्या होत्या, पण इंजेक्शनं बाहेर, भूल बाहेर, एम्ब्रियो म्हणजे लॅबमध्ये तयार झालेले गर्भ, त्यांचं फ्रीजिंग बाहेर. आणि दर व्हिजिटला नवीन काहीतरी. अंडाशयात पीआरपी (आपल्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट), इंट्रालिपिडची (स्निग्ध द्रावणाची) सलाईन, ईआरए टेस्ट (गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजायला तयार आहे का ते बघायची). प्रत्येक वेळी तेच वाक्य, मॅडम चान्स वाढेल, आता एवढं केलंय तर. युरोपमध्ये या विषयातल्या डॉक्टरांची एश्रे म्हणून संघटना आहे, तिनं २०२३ मध्ये या जादा गोष्टींवर मार्गदर्शन काढलं आणि मी वर लिहिलेल्या तिन्ही गोष्टी नेहमीच्या उपचारात करू नयेत असं त्यात स्पष्ट म्हटलंय कारण फायद्याचा पुरावाच नाही. आमच्याकडून त्याचे वेगळे साठ हजाराच्या वर गेले.

आता खरी गोष्ट, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं.

एग पिकअप (अंडी बाहेर काढणं) झालं, एम्ब्रियो फार चांगले झाले नाहीत असं लॅबमधला एम्ब्रियोलॉजिस्ट ओझरतं बोलला, तरी दोन गर्भाशयात टाकले, त्याला ट्रान्सफर म्हणतात. ट्रान्सफरनंतर मला सपोर्टसाठी म्हणून एक इंजेक्शन दिलं आणि थोड्या दिवसांनी परत एक. माझं पोट फुगलं होतं, दम लागायचा, ते नॉर्मल आहे म्हणाले. ट्रान्सफरनंतर साधारण बारा ते चौदा दिवसांनी बीटा एचसीजीची (गर्भ रुजला की रक्तात येणाऱ्या हार्मोनची) तपासणी करतात, आम्हाला त्याच्या बरंच आधी बोलावलं. रिपोर्ट आला ३१. काऊन्सेलर मॅडमनी पेढ्याचा बॉक्स आणला, अभिनंदन म्हणाल्या, ह्यांच्याबरोबर फोटो काढला, आणि एका फॉर्मवर सही घेतली की रिझल्ट आम्हाला समजावून सांगितला. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी देवीला ओटी भरली. दोन दिवसांनी बीटा परत केला तर ७. मग पाळी आली.

केमिकल प्रेग्नन्सी, म्हणजे गर्भ रुजून लगेच गेला, म्हणाले, वाईट झालं, पण चांगली बातमी ही की तुम्हाला राहू शकतं. आम्ही म्हटलं ठीक आहे, पॅकेजमधली दुसरी सायकल कधी करायची. तेव्हा काऊन्सेलर मॅडम नाही, अकाउंट्सचा माणूस बोलला. करारात लिहिलंय, बीटा एचसीजी पॉझिटिव्ह आला की प्रोग्रॅम यशस्वी धरला जाईल आणि पुढच्या सायकल व परतावा दोन्ही संपतील. तुमचा ३१ आला, पाचच्या वर पॉझिटिव्ह, तुमची सही आहे. करार इंग्रजीत, बारा पानांचा, आणि तो आमच्यापुढं ठेवला होता पिकअपच्या दिवशी सकाळी, मला गाऊन घातल्यावर.

नंतर आम्ही नगरला एका बाईंकडं गेलो, जुन्या स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. त्यांनी सगळे कागद टेबलावर पसरले, मेडिकलच्या बिलावर बोट ठेवलं आणि विचारलं की ट्रान्सफरनंतर ही इंजेक्शनं तुला दिली? ती एचसीजीची होती. बीटा टेस्ट रक्तात जे शोधते तेच इंजेक्शनातून शरीरात घातलेलं. ट्रिगरला, म्हणजे पिकअपच्या आधी अंडी पिकायला, जे पाच हजार किंवा दहा हजार युनिटचं देतात ते सुद्धा रक्तातून पूर्ण जायला दहा बारा दिवस लागू शकतात, त्यानंतर वरून परत दिलं आणि लगेच टेस्ट केली तर गर्भ रुजला नसला तरी टेस्ट पॉझिटिव्ह दिसणारच. बाई म्हणाल्या, मला राहिलं होतं का नाही हे आता कुणीच सांगू शकणार नाही, पण या आकड्यावरून राहिलं होतं असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. आणि माझं पोट फुगलं होतं तेव्हा एचसीजी द्यायलाच नको होतं, त्यानं ओव्हरी सुजण्याचा धोका वाढतो आणि ते जिवावर बेतू शकतं.

मला सगळ्यात राग याचा येतो. पैसे बुडाले ते एक, पण आमच्या घरात दोन दिवस बाळ होतं, नावं सुचवून झाली होती, आणि ते कदाचित इंजेक्शनचं होतं.

बाईंनी दुसरं काम केलं ते म्हणजे ह्यांची तपासणी चांगल्या लॅबमधून परत करायला लावली. रिपोर्ट दोन पानांचा आला, प्रत्येक गोष्टीचा आकडा. एका मिलीलिटरला साठ लाख शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात खालची मर्यादा एक कोटी साठ लाख आहे, हालचाल ४२ टक्के पाहिजे ती ह्यांची वीसच्या आत. तपासल्यावर व्हेरिकोसील निघालं, म्हणजे अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या. पुरुषांमधलं हे अगदी नेहमीचं कारण आहे, हातानं तपासून कळतं, आणि त्या एवढ्या मोठ्या सेंटरमध्ये ह्यांना एकदाही कुणी तपासलं नव्हतं. तीन वर्षं सगळ्या गावानं माझ्याकडं बघितलं. आता ह्यांचं ऑपरेशन झालंय, नवीन शुक्राणू तयार व्हायला अडीच तीन महिने लागतात म्हणून पुढची तपासणी बाकी आहे.

तर माझ्या मावसबहिणीला मी पहिलं हेच सांगितलं की नवऱ्याची तपासणी आधी, शिबिरात नाही, लॅबमध्ये, आकड्यांसकट, आणि काही कमी आलं तर थोड्या आठवड्यांनी परत एकदा. सगळ्या टेस्टमध्ये हीच सगळ्यात स्वस्त आणि न दुखणारी आहे. त्याच्याआधी बायकोला कुणी ऑपरेशन थिएटरमध्ये घेत असेल तर थांबा.

दुसरं, टक्केवारी. होर्डिंगवर ८० टक्के यश लिहिलेलं असतं तेव्हा कशाचे ८० टक्के ते लेखी मागा. बीटा पॉझिटिव्ह, सोनोग्राफीत ठोके दिसणं आणि बाळ घरी येणं हे तीन वेगळे आकडे आहेत आणि एकापेक्षा दुसरा कमी होत जातो. आणि कोणत्या वयाच्या बायकांचा, स्वतःच्या अंड्यांचा का डोनरच्या, तेही विचारा. परताव्याच्या पॅकेजमध्ये यशाची व्याख्या फक्त जिवंत बाळाचा जन्म एवढीच असली पाहिजे, दुसरं काही लिहिलं असेल तर घेऊच नका.

आपल्याकडं अशा सेंटरांसाठी कायदा आहे, एआरटी कायदा २०२१, जानेवारी २०२२ पासून लागू. प्रत्येक सेंटरची नोंदणी पाहिजे, लेव्हल १ म्हणजे फक्त आयुआय, आयव्हीएफ करायचं तर लेव्हल २ लागते. सर्टिफिकेट मागून बघा, पाच वर्षांचं असतं, तारीख संपलीय का बघा. उपचाराचे फायदे तोटे, खर्च, धोके, यशाची शक्यता आणि दत्तक घ्यायचा पर्याय हे सगळं समजावून सांगणं सेंटरवर बंधनकारक आहे, तक्रार कक्षही पाहिजे. आणि संमतीपत्र आणि करार आदल्या दिवशी घरी न्यायला मागा, मराठीत समजावून घ्या. घरी देत नाहीत म्हणाले तर तिथंच उत्तर मिळालं.

मी आयव्हीएफच्या विरोधात नाही हे पण लिहिते, नाहीतर कुणी चुकीचा अर्थ काढेल. ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून मुंबईत केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ते महापालिकेचं हॉस्पिटल, तिथं तेव्हा कुणी पेढ्याचे बॉक्स घेऊन सह्या घेत नव्हतं. माझ्या सख्ख्या नणंदेला आयव्हीएफनंच मुलगी आहे. नगरच्या बाई पण म्हणाल्या की गरज पडली तर करू, पण आधी कारण तर कळू दे.

कागदांचं सांगायचं राहिलं. आम्हाला आधी फाईल देत नव्हते, सेंटरची प्रॉपर्टी आहे म्हणाले. तसं नसतं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं लिहिलंय. आम्ही लेखी अर्ज दिला, पोचेवर शिक्का घेतला, तेव्हा मिळाली. इंजेक्शनाच्या रिकाम्या बॉक्सचे फोटो आणि मेडिकलची बिलं ठेवली होती म्हणून एचसीजीचं सिद्ध करता येतंय, फाईलमध्ये नुसतं सपोर्ट असंच लिहिलंय. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. राज्याच्या आरोग्य खात्याकडं पण वेगळा अर्ज दिलाय.

वकिलांची नोटीस गेल्यावर सेंटरनं फोन केला, लाखभर देतो, एक कागद सही करा. त्यात होतं की आमची काही तक्रार नाही, उपचार समाधानकारक होते, आणि याबद्दल कुठं बोलणार लिहिणार नाही. हप्ते चालू आहेत, पैशाची गरज आहे, दोन दिवस घरात बोलणं चाललं, पण ह्यांनीच सांगितलं की सही करायची नाही. पुढची तारीख महिनाअखेरीला आहे. मावसबहिणीच्या गावातलं शिबिर येत्या रविवारी आहे, तिच्या गल्लीतल्या अजून तिघी जायच्या होत्या, त्यांनाही हे वाचायला देणार आहे.