ऑनलाइन थेरपी महिन्याला केवढ्याला पडते: अॅप, थेट थेरपिस्ट आणि सरकारी हेल्पलाइन १४४१६

ऑनलाइन थेरपीची फी किती असं कुणाला विचारलं की उत्तर मिळतं ते एका सेशनचं, हजार, बाराशे, दीड हजार वगैरे. पण एका सेशनमध्ये काही होत नाही हो, सुरवातीला तरी दर आठवड्याला एक धरावंच लागतं, त्यामुळे आकडा महिन्याचा काढायला पाहिजे आणि तोही खात्यातून शेवटी किती गेले तो. मी आधी एका मोठ्या अॅपवरून थेरपी घेतली आणि नंतर पुण्याच्या एका थेरपिस्टकडे थेट, पण ऑनलाइनच. दोन्हीचा खर्च सांगते, घर पगारावर चालतं त्यांना उपयोग होईल.

मी बार्शीची. ऑफिस सुटल्यावरच्या वेळेत, मराठीतून बोलणारी थेरपिस्ट मला इथे मिळाली नाही. सोलापूरला जायचं तर एसटीत बायकांना तिकीट अर्धं आहे हे खरं, पण जाऊन येऊन अर्धा दिवस मोडतो आणि दर आठवड्याला हाफ डे कोण देणार. म्हणून ऑनलाइन.

अॅपवर सेशन १२०० रुपयांना दिसत होतं, ४५ मिनिटांचं. बुक करायला गेलं की शेवटच्या स्क्रीनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१६ रुपये वाढून १४१६. महिन्याला चार धरले तर ५६६४. डॉक्टरच्या, हॉस्पिटलच्या उपचारांवर जीएसटी नसतो हे आपल्याला माहीत असतं, म्हणून इथेही नसेल असं वाटतं, पण समुपदेशन किंवा वेलनेस म्हणून बिल झालं की तो लागलेला दिसतो. तेव्हा चेकआउटपर्यंत जाऊन मगच हिशेब करा.

मग तिथे चार सेशनचं पॅकेज होतं, थोडं स्वस्त, पण ३० दिवसांत वापरायचं. माझ्या थेरपिस्ट मधे एक आठवडा रजेवर होत्या, माझं एक सेशन उरलं आणि मुदत संपली. कस्टमर केअरला चार मेल केल्यावर पैसे आले, पण ते अॅपच्या वॉलेटमध्ये, बँकेत नाही. म्हणजे पैसे माझे आणि खर्च करायचे फक्त त्यांच्याकडेच! याचा मला खरंच राग आला, कारण थेरपीला येणारा माणूस आधीच थकलेला असतो, त्याला मेलामेली करायला लावू नये. थेरपिस्ट स्वतः खूप चांगल्या होत्या, त्यांच्याबद्दल एक शब्द वावगा नाही, ऐकून घेणं, मागच्या वेळचं लक्षात ठेवणं, सगळं व्यवस्थित. सेशनला पाचपैकी साडेचार, पैशाच्या व्यवहाराला दोन.

अॅपवर ऑटोपे चालू केलं असेल तर एक लक्षात ठेवा, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज यावा लागतो, आणि १५ हजारांपर्यंतची रक्कम दर वेळी ओटीपी न मागता जाते. तो मेसेज जाहिरातींच्या मेसेजात हरवतो. थेरपी थांबवायची ठरली की अॅप नुसतं डिलीट करून भागत नाही, गुगल पे किंवा फोन पेमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन तिथून बंद करायचं.

आता थेट थेरपिस्टचं. मैत्रिणीकडून नंबर मिळाला, फॉर्म भरायला आला, त्यात वय, आधी औषधं चालू आहेत का, घरी बोलायला स्वतंत्र खोली आहे का असे प्रश्न, आणि शेवटी एक ओळ, "फी १०००, अडचण असेल तर मोकळेपणाने कळवा." मी व्हॉट्सॅपवर लिहिलं, "मॅडम, दर आठवड्याला हजार मला जमणार नाहीत, काही कमी होऊ शकतं का?" अर्ध्या तासात उत्तर आलं, "हो, माझ्याकडे काही स्लॉट कमी फीचे असतात. तुम्हाला महिन्याला किती झेपेल ते सांगा, त्यावरून ठरवू." ७०० ठरले. महिन्याचे २८००, अॅपच्या निम्मेच. पुढे मॅडमच म्हणाल्या की आता पंधरा दिवसांनी भेटू, तेव्हा १४०० वर आलं.

याला स्लाइडिंग स्केल म्हणतात आणि बऱ्याच थेरपिस्टांकडे असतं, पण बोर्ड लावून कुणी सांगत नाही, विचारावं लागतं. आपल्याकडे डॉक्टरला फी कमी करा म्हणायला लाज वाटते, माझ्या आईला तर कल्पनाच सहन झाली नाही, म्हणाली असं कसं विचारायचं. पण ही भाजीसारखी घासाघीस नाही, त्यांनी आधीच तेवढ्या जागा बाजूला ठेवलेल्या असतात आणि न विचारल्यामुळे ज्याला गरज आहे तोच पूर्ण फी भरतो नाहीतर मधेच सोडून देतो. मधेच सोडणं सगळ्यात महाग, कारण आधीचे पैसेही वाया आणि पुन्हा नव्या माणसापुढे पहिल्यापासून सगळं सांगायचं.

पैसे यूपीआयने, सेशन झाल्यावर. आगाऊ काही नाही. रद्द करायचं तर २४ तास आधी सांगायचं, नाहीतर पूर्ण फी. मला हा नियम योग्य वाटतो, ती वेळ त्यांनी माझ्यासाठी राखलेली असते. रेंज गेली तर मात्र मॅडम साध्या फोनवर सेशन पूर्ण करतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत (हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, आमच्याकडे पावसात नेट जातंच).

दर महिन्याला पावती मागते, त्यावर नाव, तारखा आणि आरसीआयचा नोंदणी नंबर असतो. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी तिथे होते आणि त्यांच्या साइटवर नाव शोधता येतं. काउन्सिलर, कोच, हीलर असं तर कुणीही लिहितं आणि फी दोन दोन हजार लावतं, त्यामुळे पैसे पाठवायच्या आधी शिक्षण विचारायचं. चांगला माणूस या प्रश्नाने दुखावत नाही.

विम्याचं थोडक्यात. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू, त्यात स्पष्ट आहे की शारीरिक आजाराला जसा विमा देता तसाच मानसिक आजारालाही द्यायचा. पण आपल्या बहुतेक पॉलिसी अॅडमिट झाल्यावरच्या खर्चाच्या असतात, घरी बसून केलेलं सेशन ओपीडीत मोडतं, त्यामुळे ओपीडी कव्हर असेल तरच काही मिळायची शक्यता. माझ्या पॉलिसीत नाही. याउलट भावाच्या पुण्यातल्या कंपनीत कर्मचाऱ्यांना काही सेशन फुकट आहेत, ईएपी म्हणतात त्याला, घरच्यांनाही चालतात, आणि ऑफिसात जवळजवळ कुणाला माहीत नाही. सगळ्यांना भीती एचआरला कळेल याची. गोपनीयतेचं काय लिहिलंय ते वाचून घ्या, पण फुकट मिळतंय ते सोडू नका.

आणि ज्यांना ७०० सुद्धा जमत नाहीत त्यांच्यासाठी टेलिमानस, नंबर १४४१६. सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, एक रुपया नाही, मराठीत बोलता येतं. अॅप सोडलं आणि नवीन थेरपिस्ट मिळायची होती त्या मधल्या काळात मी रात्री फोन केला होता. भाषा निवडली, थोडं थांबावं लागलं, मग एक बाई बोलल्या, शांतपणे, कुठेही घाई नाही. दर आठवड्याला तोच माणूस, तीच गोष्ट पुढे नेणं हे तिथे होईल असं धरू नका, त्यासाठी ती सेवा नाहीच. पण रात्री एक वाजता छातीत धडधडतंय आणि घरात कुणाला उठवायचं नाहीये तेव्हा हा नंबर मोलाचा आहे. गरज वाटली तर ते पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात.

औषधं लागणार असतील तर सरकारी दवाखानाही धरा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. फक्त मानसोपचाराची ओपीडी कुठल्या वारी असते ते आधी फोन करून विचारा, सगळीकडे रोज नसते.