पडलेलं हेल्मेट: ठेवायचं की बदलायचं?

मागच्या पावसाळ्यात माझा आतेभाऊ चोपड्याहून अमळनेरला येताना तापीच्या पुलाअलीकडे घसरला. रस्त्यावर केळीची पानं सांडलेली आणि वरून भुरभुर पाऊस. गाडी फार वेगात नव्हती. गुडघा सोलला, कोपर सोललं आणि हेल्मेट उजव्या कानाच्या वरच्या बाजूला डांबरावर आपटलं. संध्याकाळी ओट्यावर आप्पांनी ते हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवून पाहिलं. म्हणाले, "हेल्मेटले काय व्हयनं? काहीच नई." बोटभर ओरखडा सोडला तर खरंच काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी भाऊ तेच घालून निघाला तेव्हा मी त्याला दारात अडवलं आणि घरात चांगलाच वाद झाला. असा वाद बऱ्याच घरांत होतो, आणि बहुतेक वेळा वरचं कवच बघूनच निकाल लावला जातो. म्हणून दोन्ही बाजू इथे मांडतोय.

रिकामं पडलं की डोक्यासकट आपटलं?

आधी हा फरक करा, कारण निम्म्याहून जास्त निर्णय इथेच होतो. आरशावर अडकवलेलं हेल्मेट खाली पडलं, टेबलावरून घरंगळलं, पोराच्या हातून सुटलं, तर बहुतेक वेळा ते टाकून देण्याची गरज नसते. रिकाम्या हेल्मेटमध्ये फक्त त्याचं स्वतःचं वजन असतं, सव्वा-दीड किलोच्या आसपास. आतलं थर्माकोल दाबलं जायला आतून काहीतरी जड लागतं, आणि ते जड म्हणजे तुमचं पाचेक किलोचं डोकं. अमेरिकेतलं स्नेल फाउंडेशन १९५७ पासून हेल्मेट तपासतंय. आदल्या वर्षी पीट स्नेल हा चालक शर्यतीत डोक्याला मार लागून गेला, त्याच्या नावाने ती संस्था उभी राहिली. त्यांचंही सांगणं हेच आहे की खरं नुकसान होतं ते आत डोकं असताना. रोज फेकून, आपटून वापरलेलं हेल्मेट मात्र हळूहळू कमजोर होतं.

आता दुसरी बाजू. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी पन्नासने चाललेली असो की जागेवर उभी, डोकं खाली येतं ते या उंचीवरून, आणि जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी जवळजवळ २० किलोमीटर झालेला असतो. हा वेग २ सेंटिमीटर अंतरात थांबला, तर डोक्यावर त्याच्या वजनाच्या सरासरी ७५ पट जोर येतो. अर्ध्या सेंटिमीटरमध्ये थांबला तर ३०० पट. हेल्मेटचं सगळं काम या दोन सेंटिमीटरमध्ये आहे. थर्माकोल चिरडतं आणि चिरडता चिरडता डोक्याला थांबायला जागा देतं.

पण चिरडलेलं थर्माकोल परत फुगत नाही. त्याच जागी पुन्हा मार बसला तर दबायला तेवढी जाडी उरलेली नसते. म्हणून आत डोकं असताना हेल्मेट आपटलं असेल, तर ते कितीही चांगलं दिसलं तरी बदला. माझं मत यात डळमळीत नाही.

काही हेल्मेटांत दबून परत मूळ जागी येणारा, ईपीपी नावाचा वेगळा फोम असतो. औली किंवा गुलमर्गला बर्फावर घसरण्याच्या खेळात अशी काही हेल्मेटं वापरतात, कारण तिथे दिवसात दहा वेळा पडायला होतं. कोणी त्यावरून "हेल्मेट पुन्हा चालतं" असं सांगत असेल, तर ती गोष्ट आपल्या मोटरसायकलच्या हेल्मेटला लावू नका. त्यात साधारणपणे एकदाच कामी येणारं थर्माकोल असतं.

कवचावर विसंबता येतं का?

कमीच. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या हेल्मेटचं कवच प्लॅस्टिकचं असतं. ते मार बसल्यावर आत जातं आणि लवचीकपणामुळे परत बाहेर येतं. आतलं थर्माकोल चपटं झालेलं असतं आणि वरून फक्त ओरखडा दिसतो. आप्पांची फसगत इथेच झाली. फायबरच्या कवचावर निदान पांढरट, चांदणीसारख्या भेगा उमटतात.

तरी घरी एकदा बघाच. आतली कापडी गादी निघत असेल तर काढा. जिथे मार बसला तिथे आणि त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला अंगठ्याने सारखंच दाबून पाहा. खड्डा, भेग, चपटेपणा, कवच आणि थर्माकोलमध्ये पडलेली फट, यातलं काही सापडलं तर वाद संपला. आमच्याकडे तसंच झालं. गादी काढल्यावर उजव्या बाजूला अंगठ्याएवढी जागा बसलेली निघाली आणि आप्पा गप्प झाले. पण काहीच सापडलं नाही, तर त्याचा अर्थ हेल्मेट ठीक आहे असा होत नाही. ही तपासणी बाद करायला उपयोगी पडते, पास करायला नाही.

पट्ट्याचे रिबिट आणि बक्कलही ओढून बघा. बक्कल सैल झालेलं हेल्मेट पडताना डोक्यावर राहतच नाही.

पडल्यावर डांबराचे डाग पेट्रोलने किंवा थिनरने पुसायची आपल्याकडे सवय आहे. ते अजिबात करू नका. पेट्रोलमध्ये थर्माकोल विरघळतं, हे एक तुकडा टाकून कोणीही पाहू शकतं. साबणाचं पाणी पुरतं.

खानदेशातलं ऊन

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो आणि हेल्मेट दिवसभर गाडीवर तापत असतं. तेवढ्याने थर्माकोल वितळत नाही, पण आतला गोंद, स्पंज, पट्टा आणि बाहेरचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षांच्या उन्हाने झिजतं. पाच वर्षांनी बदलावं असं स्नेलवाले सांगतात. ज्याची गाडी रोज शेताच्या बांधावर उन्हात उभी असते, त्याने ही मुदत ताणू नये. एखादा किरकोळ धक्का, जिथे डोकं टेकलं की नाही हेच नक्की आठवत नाही, अशा वेळी वयाकडे बघा. वर्षभराचं हेल्मेट असेल आणि आत सगळं सारखं लागत असेल तर ठेवण्याचा विचार करता येईल. चार-पाच वर्षांचं असेल तर कशाला थांबायचं? लहान मुलाच्या हेल्मेटबाबत मात्र मी शंकेलाही जागा देणार नाही.

पैशाचं काय

आयएसआय शिक्क्याचं साधं, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट हजार-दीड हजारात येतं. कापसाचे पैसे हातात आलेले नसताना तेही जड जातं, हे मी नाकारत नाही. पण महागडं जुनं आपटलेलं हेल्मेट आणि साधं नवं हेल्मेट यांत निवडायचं असेल, तर साधं नवं घ्या. हेल्मेट न घातल्याचा दंडच १ हजार रुपये आहे आणि परवाना ३ महिने जाऊ शकतो. रस्त्याच्या कडेला दोनशे-तीनशेला मिळणारी टोपी मात्र या तुलनेत धरूच नका. १ जून २०२१ पासून शिक्क्याशिवायचं दुचाकी हेल्मेट विकणंही बेकायदा आहे. घेताना आत थर्माकोलचा जाड थर आहे का ते बघा. नुसत्या स्पंजवर कापड चढवलेलं असेल तर परत ठेवा. पट्टा लावून डोकं हलवा, हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे.

आणि जुनं? आपल्याकडे जुनी वस्तू फेकत नाहीत, कोणाला तरी देतात. नवं आलं की जुनं सालदाराला किंवा शाळकरी पुतण्याला जातं. आपटलेल्या हेल्मेटच्या बाबतीत हे करू नका. जे आपल्या डोक्यासाठी चालत नाही ते त्यांच्या डोक्यासाठीही चालत नाही, आणि ते आपटलेलं आहे हे त्यांना कोणी सांगणारही नसतं. भंगारात द्यायच्या आधी पट्टा कापून टाका, म्हणजे कोणी उचलून घालणार नाही. आमच्या घरचा पट्टा आप्पांनीच विळ्याने कापला.