पाचशेचा स्टॅम्प, बॅटरीवरचा प्रिंटर आणि सहा सेंटिमीटर

बॅटरीवरचा छोटा प्रिंटर अकरा महिने वापरून झाला, आता लिहितो. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर याला कंपनीनं पैसे चारलेत असं तुम्ही म्हणाला असतात. सहाव्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडण एकदा करून झालंय.

माझं काम थोडक्यात सांगतो. पुण्यात घरोघरी जाऊन भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी करून देतो. शिवाय एका नोटरी वकीलबाईंबरोबर, ज्यांना जिना उतरवत नाही अशा लोकांच्या घरी प्रतिज्ञापत्रं, हमीपत्रं, सोसायटीच्या हस्तांतरणाचे कागद करायला जातो. बाई त्यांचं रजिस्टर, पाच सेंटिमीटरचा गोल शिक्का आणि नोटरीची तिकिटं तेवढी आणतात. बाकीचा संसार माझ्या ॲक्टिव्हाच्या पायाशी.

‘घरूनच छापून का नेत नाही?’ हा प्रश्न नवीन माणूस हमखास विचारतो. कारण नावं. आधारवर सुशीला, शेअर सर्टिफिकेटवर सुशिलाबाई, वीजबिल अजून कैलासवासी यजमानांच्या नावानं. फोनवर ‘सगळं बरोबर आहे हो’ म्हणतात आणि समोर बसलं की कपाटातून तिसरंच स्पेलिंग निघतं. हातानं खोडून बाजूला सही घेतली तर नोटरीला चालतं, पण सोसायटीचा सेक्रेटरी तो कागद दोन बोटांत धरून परत देतो. म्हणून प्रिंटर जागेवर लागतो.

आधी माझ्याकडे कॅननचा एलबीपी २९००बी होता, आहे. कोर्टाच्या आवारात टायपिंग केलेल्या कुणालाही त्याची ओळख करून द्यायला नको. वायफाय नाही, मोबाइलवरून छपाई नाही, वेग मिनिटाला बारा पानं. पण त्याचा टोनर, ३०३ काय आणि एचपीचा १२ए काय, कुठल्याही गल्लीत दोनशे रुपयांत रिफिल होतो. अडचण वजनाची. पावणेसहा किलोचं धूड फोममध्ये गुंडाळून चौथ्या मजल्यावर न्यायचं, तिथे प्लगची जागा टीव्हीच्या मागे, आणि फ्यूजर, म्हणजे टोनर कागदावर वितळवून बसवणारा भाग, तापताना घरातले दिवे एकदा डोळा मारतात. गाडीतल्या छोट्या इन्व्हर्टरवर तो चालत नाही, मी एका मित्राच्या कारमध्ये प्रयोग करून त्याचा इन्व्हर्टर घालवलेला आहे.

म्हणून बॅटरीवरचा इंकजेट घेतला. दोन किलोच्या आसपास, लॅपटॉपच्या बॅगेत मावतो. पहिले तीन महिने मी त्याच्या प्रेमात होतो. सोफ्यावर बसून मांडीवर प्रिंट काढायचो. पक्षकारांची नातवंडं बघायला यायची. एका भाडेकरूनं तर ‘काका, भारी सेटअप आहे’ म्हणून ठरल्यापेक्षा शंभर जास्त दिले. पुण्यात हे घडलं, यावर विश्वास ठेवा.

मग जुलै उजाडला. सदाशिव पेठेतल्या एका आजींकडे सोसायटीसाठी हमीपत्र आणि प्रतिज्ञापत्र करायचं होतं. वय ८२. ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच दस्तांना शंभराऐवजी पाचशेचा स्टॅम्प पेपर लागतो, म्हणजे दोन कागदांचे हजार रुपये टेबलावर. पहिला स्टॅम्प मागून लावला. प्रिंटरनं अर्धा ओढला, तिरका केला, मध्येच कुरकुरला आणि अशोकस्तंभाची पंख्यासारखी घडी करून थांबला. खेचून काढला तर फाटला.

आजी म्हणाल्या, “अहो, माझ्या नावचा कागद खाल्ला की तुमच्या डब्यानं!”

नुकसान नुसतं पाचशेचं नसतं. स्टॅम्पवर आजींचं नाव, विक्रेत्याच्या वहीत नोंद, कुणामार्फत घेतला त्याची सही. म्हणजे पुन्हा ओळखपत्र, पुन्हा अधिकारपत्र, पुन्हा रांग, आणि वकीलबाईंची दुसरी फेरी. खराब झालेल्या स्टॅम्पचा परतावा सहा महिन्यांच्या आत मागता येतो, हे ठाऊक आहे. पण पाचशेसाठी मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या चकरा मारायच्या म्हणजे पेट्रोल कोण देणार? मी पैसे खिशातून भरले. तो चुरगळलेला स्टॅम्प अजून जपून ठेवलाय, का ते विचारू नका.

त्याच आठवड्यात सर्व्हिस सेंटर. काउंटरवरच्या मुलानं कागद चिमटीत धरला आणि म्हणाला, “सर, हा जाड पेपर आहे, हे वॉरंटीत येत नाही.” मी म्हटलं, तुमच्याच माहितीपत्रकात लीगल आकार लिहिलाय. तो म्हणाला, आकार लिहिलाय, स्टॅम्प पेपर लिहिलेला नाही. याला उत्तर नाही. रोलर साफ करण्याचे १,८५० रुपये मागितले. मी प्रिंटर उचलून बाहेर आलो आणि चष्मा पुसायच्या फडक्याला थोडं पाणी लावून रोलर घरीच पुसला. खर्च शून्य.

आता खरी गोष्ट. महिनाभर मी ‘जाड कागद, जाड कागद’ करत बसलो होतो आणि ते चूक होतं. एका रविवारी जुने रद्द कागद घेऊन बसलो. कोर्टकामाचा हिरवा लेजर (ledger) पेपर लीगल आकारात कापून लावला, तोही तिरका गेला. तोच एफोरच्या मापात कापला तर मात्र सरळ. तेव्हा मागची फळी बघितली. प्रिंटरच्या मागे कागद टेकवायला जी फळी उघडते, ती एफोरच्या मापाची आहे. एफोर २९.७ सेंटिमीटर, लीगल ३५.६. वरचा सहा सेंटिमीटर कागद हवेत लोंबतो, पावसाळ्यात दमट होऊन मागे वाकतो आणि आपल्याच वजनानं रोलरखालून एका बाजूला सरकतो. त्यात विक्रेत्यानं स्टॅम्प मधोमध दुमडून दिलेला. ती घडी रोलरवर आली की खेळ खलास.

सहा सेंटिमीटर! इतकी बॅटरी, इतकं वायफाय, रंगीत पडदा, आणि आणखी एक सरकती पट्टी द्यायला यांचं प्लास्टिक संपलं? हा राग माझा अजून गेलेला नाही. तुमच्या दृष्टीनं ही क्षुल्लक गोष्ट असेल. ज्याचे पाचशे गेले त्याला विचारा.

उपाय मुलीच्या कप्प्यात सापडला. तिचा दहावीचा परीक्षेचा पॅड कापला, दोन बाइंडर क्लिपनी फळीला लावला. आणि स्टॅम्प आदल्या रात्री वकीलबाईंच्या जुन्या, भरलेल्या रजिस्टरखाली दाबून ठेवायचा, म्हणजे घडी सपाट होते. त्यानंतर आजपर्यंत चाळीसेक स्टॅम्प गेले, एकही अडकला नाही. तेव्हा जुलैत मी या यंत्राबद्दल जे जे बोललो, त्यातलं निम्मं मागे घेतो.

उरलेलं निम्मं शाईबद्दल आहे आणि ते मागे घेणार नाही. याची काळी शाई पाण्यात विरघळणाऱ्या जातीची निघाली. वकीलबाई तिकीट चिकटवतात, डिंकाचं ओलं बोट मजकुरावर टेकतं आणि ‘सत्यप्रतिज्ञेवर’चं ‘सत्य’ पसरतं. शिक्क्याच्या शाईखालीही अक्षरं फुटतात. बाई सोशिक आहेत, पण त्यांनीही एकदा चष्म्यावरून बघितलं. इंकजेट घेणार असाल तर काळी शाई पिगमेंटची, म्हणजे पाण्यानं न पसरणारी, आहे का एवढं आधी विचारा. एकाच कंपनीतही फरक असतो: एप्सनच्या एल३२५० मध्ये काळी डायची, म्हणजे विरघळणारी, एल४२६० मध्ये पिगमेंटची. ही दोन्ही घरी ठेवायची यंत्रं आहेत, पण मुद्दा कळला असेल. माझी आताची सोय अशी: मुख्य मसुदा रात्री २९०० वर छापायचा, आणि जागेवर नाव बदललं तरच इंकजेट. छापलेलं पान पंख्याखाली दहा मिनिटं वाळवायचं, तोवर चहा येतोच.

स्कॅनरबद्दल तक्रार नाही, म्हणून कमी लिहितो. ब्रदरचा डीएस-६४०, अर्धा किलोसुद्धा नाही, यूएसबीवरच चालतो, लीगल कागद पूर्ण घेतो. आधार, पॅन, वीजबिल, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा), सगळं त्यातून सरकवतो. स्कॅनवर उभी रेघ आली तर घाबरू नका, काचेच्या पट्टीवर धूळ असते. पासबुक आणि पुस्तकासारखं रेशनकार्ड त्यातून जात नाही, ते मोबाइलवर. फाटका, चिकटपट्टी मारलेला कागद नुसता कधीही घालू नका, पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवून घाला. घरी कॅननचा लाइड ३०० आहे, छान आहे, पण काच एफोरची. पुन्हा तेच सहा सेंटिमीटर. जगात लीगल कागद वापरणारे आम्हीच उरलोत बहुतेक.

भाडेकराराच्या नोंदणीला लागणारं अंगठ्याचं मशीन आता एल-वनच (आधारच्या नव्या सुरक्षा पातळीचं) घ्या, जुनं एल-झीरो कुणी स्वस्तात देत असेल तर नमस्कार करा. म्हाताऱ्या माणसांची बोटं कोरडी असतात, ओल्या फडक्यानं पुसून घेतलं की बहुतेक वेळा लागतात. भांडी घासून झिजलेल्या बोटांना मात्र चार-पाच वेळा प्रयत्न करावा लागतो आणि त्या बाई उगाच ओशाळतात.

बॅटरीचं सांगायचं राहिलं. नवीन असताना एका चार्जमध्ये दिवस जायचा, आता दुपारी तीनला मान टाकते. कार्ट्रिजचा हिशेब वहीत ठेवलाय, पानामागे २९०० च्या कितीतरी पट पडतं. इतकं की बायकोला दाखवलेलं नाही.

घ्यायला जाल तेव्हा दुकानात स्वतःचा लीगल कागद घेऊन जा आणि मागे लावून बघा. दुकानदार एफोर काढून देईल, घेऊ नका. माझा विकायचा विचार नाही, पॅड कापून झालाय. त्यावर अजून मुलीचा बैठक क्रमांक लिहिलेला दिसतो. परवा एका काकांनी तो बघून विचारलं, “हा दस्ताचा नंबर का?”