तारकर्ली-देवबागसाठी फुगवायचा विंडसर्फिंग संच : घ्यावा का?

विंडसर्फिंग म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यात फिरणं. त्यासाठी कुडाळ स्टेशनला उतरून मालवणची एसटी धरायची, तर कडक बोर्डाचा विचारच नको. फुगवायचा बोर्ड पाठीवरच्या पिशवीत आरामात मावतो. अडतं ते डोलकाठीपाशी, म्हणजे शीड धरणाऱ्या काठीपाशी. दोन तुकड्यांची 430 सेंटीमीटरची काठी सुटी केली तरी एकेक तुकडा दोन मीटरहून लांब राहतो. म्हणून चार तुकड्यांचीच घ्या.

बोर्डाच्या पोटाखाली मधलं फिन (पाण्यात उभं राहणारं पातं) आहे ना, हे सगळ्यात आधी बघा. पॅडलबोर्डला (उभं राहून वल्हवायच्या बोर्डाला) नुसतं काठीचं बूड बसवायची सोय करून विकलेले संचही बाजारात आहेत. मधलं फिन नसलं की बोर्ड आडवा घसरत जातो आणि निघालात तिथे परत येणं नवशिक्याला जमत नाही. सत्तरेक किलोच्या शिकाऊ माणसाला 5 चौरस मीटरचं शीड पुरे.

हवा 15 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरायची. शेवटचे चार-पाच पीएसआय दम काढतात, तिथे पंप एकेरी करा, म्हणजे दांडा खाली दाबतानाच हवा भरेल असा. कमी हवेवर भागवलंत तर काठीच्या बुडाशी बोर्ड वाकतो आणि कड पाण्यात रुतते. व्हॉल्व्हची मधली पिन वर आलेली असू द्या. ती दबलेली राहिली तर नळी काढताच सगळी हवा फुस्स. रबराखाली वाळूचा कण अडकला तरी हवा हळूहळू जाते. आणि फुगवलेला बोर्ड उन्हात तापल्या वाळूवर ठेवू नका, आतला दाब वाढतो. सुरूच्या सावलीत ठेवा.

संचातला कच्चा दुवा म्हणजे बोर्ड आणि काठी जोडणारा रबरी सांधा. दर वेळी पूर्ण वाकवून भेगा तपासा, एक जादा जवळ ठेवा. काठीच्या जोडांवर टेप गुंडाळा, नाहीतर वाळू शिरून तुकडे असे घट्ट बसतात की सुटता सुटत नाहीत. परतल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवा.

थंडीत सकाळी वारा जमिनीकडून असतो, तो खोल समुद्रात नेतो. तेव्हा उतरू नका. मार्च-एप्रिलमधला दुपारनंतरचा वायव्येचा वारा उत्तम, चुकलात तरी किनाऱ्याकडे ढकलतो. मात्र तोच तारकर्लीहून देवबागच्या संगमाकडेही, म्हणजे कर्ली नदी समुद्राला मिळते तिकडेही सरकवतो, आणि ओहोटीला कर्लीचं पाणी तिथून जोरात बाहेर पडतं. उधाणाच्या दिवसांत तर ओहोटी लागायच्या आतच किनाऱ्याला लागा.